भीड

जेवणापूर्वी मान खाली घालून क्षणभर प्रार्थना करायची, ही आमच्या घरची रीत. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. दुपारच्या सुट्टीत सहकाऱ्यांमध्ये बसून ते डोळे मिटत, आणि तेवढा वेळ शेजारचे गृहस्थही हातातला घास हातातच धरून ठेवीत. पुढे आम्ही बदलापूरला बिऱ्हाड केले आणि उल्हासनगरच्या महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. वडिलांची रीत सोडली नाही. मात्र तिला एक निमित्त जोडले. डबा उघडला की चष्मा काढायचा, तो पुसायचा आणि पुसता पुसता मान खाली घालायची. आडनाव चारचौघांसारखे, बोली चारचौघांसारखी. अनेक वर्षे कोणाला काही कळले नाही.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : भीड. भीड म्हणजे भीती नव्हे. कोणी आम्हाला धमकावले नव्हते की त्रास दिला नव्हता. चारचौघांत आपण निराळे दिसू नये, एवढाच तो संकोच. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान न्यायसभेपुढे उभे राहतात आणि या अशिक्षित माणसांचे धैर्य पाहून सभा चकित होते. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘पॅरेसिया’. त्याचा अर्थ, हातचे काही न राखता उघड बोलणे. आमच्या मते त्याला ‘निर्भीडपणा’ हा प्रतिशब्द अधिक जवळचा. शौर्याचे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात. भिडेचे मात्र रोज येतात.

वर्गात रेव्हरंड टिळक शिकवतानाही आम्ही चष्माच पुसत होतो. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून त्यांची ओळख करून द्यायची आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा एका वाक्यात उरकायचा. पुढे १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली, हे तर आम्ही सांगतच नसू.

एका वर्षी ‘स्मृतिचित्रे’ शिकवत होतो. लक्ष्मीबाई काही काळ कराचीत राहिल्या होत्या, असे ओघात म्हणालो, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर केली. तिचे आजीआजोबा फाळणीनंतर सिंधमधून आलेले. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत ज्या निर्वासितांनी संसार मांडले आणि ज्यांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, त्यांच्यापैकीच ते एक कुटुंब. तिने सरळ विचारले, “सर, एवढे सोसून त्यांना मिळाले काय? लोक तर म्हणतात, असे लोक पैशासाठी बाटतात.”

आम्ही म्हणालो, “याविषयी मतभेद आहेत.”

मतभेद कसले? टिळक दांपत्याची त्या बाप्तिस्म्यापायी पाच वर्षे ताटातूट झाली, हे समोरच्याच पुस्तकात होते. आमच्या पणजोबांनी त्यापायी सारी भावकी गमावली, हे आमच्या घरात होते. दोन्ही ठाऊक असून आम्ही प्राध्यापकी तटस्थतेच्या आड दडलो. पेत्राने नाकारले तेव्हा कोंबडा आरवला होता; इथे तासाची घंटा वाजली, इतकाच फरक.

पुढच्या तासाला आम्ही वर्गाला सांगितले, “मागच्या वेळी आम्ही उत्तर टाळले. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत. आमच्या घरात या निर्णयापायी माणसे गमावली गेली आहेत, ती पैशासाठी नव्हेत.” एवढेच. त्यापुढे धर्माविषयी एक शब्द बोललो नाही. समोर बसलेल्या मुलांचे गुण आमच्या हातात असतात. त्या खुर्चीचा आधार घेऊन केलेल्या उपदेशाला धैर्य म्हणता येत नाही. आपले खरे सांगावे आणि समोरच्याला मोकळे ठेवावे, इथे त्याची सीमा आहे.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण आम्हाला तेव्हा नव्याने कळले. टिळकांचा तापटपणा, स्वतःचा सोवळ्याओवळ्याचा हट्ट, तो सोडतानाची घालमेल, यातले काहीही त्यांनी झाकले नाही. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करणारी ही बाई आपल्या श्रद्धेचे प्रदर्शन मांडत नाही. ती फक्त खोटे बोलत नाही. अध्यात्मातले धाडस कदाचित इतकेच घरगुती असते.

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. “आजीला कराचीचे विचारले की तीही म्हणते, जाऊ दे, आता काय त्याचे,” एवढे बोलून ती निघून गेली.

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला, चष्मा नाकावर तसाच ठेवला आणि डोळे मिटले. समोरचे सहकारी बोलता बोलता थांबले. मग पुन्हा बोलू लागले. बाकी काही घडले नाही. अर्थात सवय मोठी चिवट आहे. परके कोणी शेजारी बसले की हात अजूनही चष्म्याकडे जातो. आता तो जाताना आम्हाला दिसतो, आणि बहुतेक वेळा आम्ही तो परत खाली आणतो.