रात्रीची वाट पाहणारं झाड

‘भांगेचं शेत बघायला चाललेय’, असं ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं आणि पुढचा अर्धा तास फोन नुसता टुणटुणत होता. कुणी डोळा मारला, कुणी ‘आमच्यासाठीपण आण’ म्हणालं, एकीने तर थेट वकिलाचा नंबर पाठवला. थांबा, मंडळी! मी निघाले होते फिनलंडमधल्या कुओपिओला, आणि बघायचं होतं ते हेम्प. म्हणजे झाड तेच, गांजाचंच भावंड. पण नशा आणणारं टीएचसी त्यात नावापुरतं. हे पीक घेतात बियांसाठी, तेलासाठी नाहीतर धाग्यासाठी.

प्रोजेक्टसाठी एस्पूला तीन महिने राहायला मिळालं होतं. एस्पू हेलसिंकीला अगदी चिकटून. स्वच्छ, शिस्तीचं आणि (खरं सांगू?) वीकेंडला जरा बोअरच. त्यात पुण्याहून कॉलेजमधल्या मित्राचा सतत फोन. त्याने नोकरी सोडायचं ठरवलंय. उत्तराखंडात पौडीकडे जमीन भाड्याने घ्यायची, हेम्प लावायचं, बियांचं तेल आणि प्रोटीन पावडर विकायची, असा त्याचा प्लॅन. आठ वर्षांची बचत त्यात जाणार. ‘तिथे थंडी, इथे थंडी,’ तो म्हणाला, ‘थंडीतलं बेस्ट बी तिकडेच मिळतं ना? जरा बघून ये ना, प्लीज.’

हेलसिंकीहून ट्रेनने चारेक तास. खिडकीतून तळं, जंगल, तळं, जंगल. कुओपिओ स्वतःच कल्लावेसी नावाच्या प्रचंड तळ्याकाठी वसलंय. पुइयो टेकडीवरच्या टॉवरवर चढलं की इतकं पाणी दिसतं की गाव कुठे संपतं तेच कळत नाही. चौकातल्या बाजारात ब्लूबेरीचे ढीग आणि ‘कलाकुक्को’. राईच्या जाड पावात मासे भरून तासन्‌तास भाजतात. एका कलाकुक्कोत दोन जणांचं जेवण होतं. मी एकटीने संपवला.

शेत गावापासून पाऊण तासावर. मालक साठीचे, बोलायला अगदी मोजून-मापून. मी मनातल्या मनात त्यांना काका करून टाकलं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता, सकाळी जॅकेट लागत होतं. शेताचे दोन भाग. एकीकडे माझ्या खांद्याला लागतील अशी बुटकी झाडं, शेंड्याला बियांचे भरगच्च झुबके. बांधापलीकडे तेच पान, तोच वास, पण झाडं अडीच-तीन मीटर उंच, हिरवीगार आणि बियांचा पत्ताच नाही!

मी अर्थातच उंच झाडांकडे बोट दाखवून म्हटलं, ‘हे जास्त चांगलं आलंय ना?’ काका पहिल्यांदाच हसले. ‘इथे बी पाहिजे असेल तर ते येतच नाही,’ म्हणाले.

गंमत अशी की भांगेचं झाड थंडीला तितकंसं घाबरत नाही. कोवळी रोपं हलकं गोठलेलं दंवसुद्धा सोसतात. खरा प्रश्न उजेडाचा आहे. आपल्याकडची शेवंती आठवा. दसऱ्याच्या सुमाराला बाजार पिवळा होतो, कारण रात्र लांबायला लागली की शेवंतीला फुलायची आठवण होते. भांगेचंही तसंच. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय बहुतेक वाणांना फुलायचं सुचत नाही. पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर. कुओपिओत तोच दिवस वीस तासांचा! बिचारं झाड उजेडात नुसतं वाढत बसतं. त्याला हवी तशी रात्र मिळेपर्यंत ऑगस्ट सरायला येतो, आणि फुलल्यावर बी भरायला पुढे पाच-सहा आठवडे लागतात. इकडे सप्टेंबरात कधीही एका रात्रीत सगळं गोठतं. खेळ खल्लास.

बांधापलीकडचं उंच वाण होतं फ्रान्सचं ‘फुतुरा’. फ्रान्समध्ये ते शहाणं आहे, बी देतं. इथे आल्यावर त्याचं घड्याळ चुकतं. मग काका ते लावतात कशाला? धाग्यासाठी! फूल नाही म्हणजे खोड वाढतच राहतं, तितकाच धागा जास्त. पुढची पद्धत तर मला जाम आवडली. हिवाळ्यात पीक कापायचंच नाही. वाळलेली खोडं बर्फात तशीच उभी ठेवायची. थंडी, ओल आणि वारा मिळून धागा खोडापासून सुटा करतात आणि वसंतात, जमीन कडक असतानाच, कोरडं पीक कापायचं. पूर्वी हेच काम इथले लोक खोडं तळ्यात कुजवून करायचे. म्हणजे जी थंडी बियांचा घास घेते तीच धाग्यासाठी फुकटात राबते.

अलीकडची बुटकी झाडं म्हणजे ‘फिनोला’. जन्म याच भागातला. १९९५च्या सुमाराला कुओपिओ विद्यापीठातले जेस कॅलवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेतून आलेल्या बियांवर काम सुरू केलं आणि त्यातून हे वाण निघालं. तेव्हा त्याचं नाव होतं ‘फिन-३१४’. वाविलोव्ह संस्था म्हणजे तीच, जिथले शास्त्रज्ञ १९४१ ते १९४४च्या लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने मेले, पण गोण्यांतलं बियाणं त्यांनी खाल्लं नाही. हातात चार दाणे घेऊन उभी असताना हे आठवलं आणि क्षणभर काही बोलवेना.

फिनोला रात्रीची वाट बघत नाही. ठरावीक वय झालं की फुलते, बाहेर वीस तास उजेड असला तरी. हा गुण मुळात भांगेच्या रानटी भाऊबंदांत दिसतो. रशियाच्या व्होल्गाकाठी उगवणाऱ्या अशा झाडांना यानिशेव्हस्की नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये ‘रुडेरालिस’ असं नाव दिलं. छोटा उन्हाळा, मोठी घाई. फिनोलाचं सगळं चार महिन्यांच्या आत आटोपतं. बुटकी असण्याचाही फायदा आहे. उंच हेम्पचा चिवट धागा हार्वेस्टरच्या फिरत्या भागांना असा काही गुंडाळतो की सुरी घेऊन तासभर कापत बसावं लागतं. काकांनी हातावरचा व्रण दाखवला.

अर्थात फिनोलाचे नखरेही आहेत. नर आणि मादी झाडं वेगळी. पराग सांडून झाले की नर वाळून जातात, म्हणजे बी सगळं मादीवर. पक्ष्यांना ते प्रचंड आवडतं. बी सगळं एकदम पिकत नाही, म्हणून थोडं ओलं असतानाच कापायचं आणि त्याच दिवशी ड्रायरमध्ये ओतायचं, नाहीतर तापून खवट होतं. ‘बी कुठलं हे सगळे विचारतात, ड्रायर आहे का हे कुणी विचारत नाही,’ काका म्हणाले. मी हे वाक्य तिथल्या तिथे मित्राला पाठवलं.

जेवायला उकडलेले नवे बटाटे आणि त्यावर हेम्पचं तेल. गर्द हिरवं, अक्रोडासारख्या चवीचं. भाजलेल्या बिया चावल्यावर मात्र मला थेट कारळ्याची चटणी आठवली. दाण्यात साधारण तिसरा हिस्सा तेल आणि चौथा हिस्सा प्रोटीन, शिवाय ओमेगा-३. जिमवाल्यांनो, ऐकताय ना?

आता मित्राचा प्लॅन. मुक्कामी परतल्यावर रात्री त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो एकदम एक्सायटेड, ‘फिनोलाच फायनल!’ मी म्हटलं, ‘अरे, थांब.’ पौडीत थंडी असली तरी पौडी आहे तीस अक्षांशावर. तिथला मोठ्यात मोठा दिवस चौदा तासांच्या आसपास. तिथे फिनोला वयात येईल तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढी असेल, त्यात पीक ते काय येणार? फुतुरा आणशील तर तिला उगवल्यापासूनच रात्र मोठी वाटेल, तीही वाढायच्या आधी फुलायला धावेल. थर्मामीटर जुळला म्हणून उजेड जुळत नाही.

मग पौडीचंच बी? तिथे भांग आहेच की, पिढ्यान्‌पिढ्या. पहाडी लोक तिच्या सालीचे दोर वळतात, भाजलेल्या बियांची चटणी करतात. उजेडाचं गणित त्या झाडांना पाठ. पण तिथल्या बऱ्याच झाडांत टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर जातं आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये हेम्पसाठी परवाना द्यायला सुरुवात केली ती याच मर्यादेवर. युरोपातही २०२३पासून ०.३च आहे; पण काकांना नोंदणीकृत वाणांच्या यादीतून पिशवी उचलायची आणि तिचं लेबल जपून ठेवायचं, एवढंच काम. मित्राला स्थानिक झाडांतून कमी टीएचसीची झाडं तपासून वेगळी काढावी लागतील, त्यांचंच बी पुन्हा लावावं लागेल, आसपासच्या रानभांगेचे पराग टाळावे लागतील. एक हंगाम नाही, अनेक. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी त्याने बचतीला हात लावू नये, अर्ध्या एकराच्या वर जाऊ नये आणि नोकरी तर मुळीच सोडू नये. बाजार आहे. मुंबईत बॉम्बे हेम्प कंपनी २०१३पासून याच धंद्यात आहे आणि २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पच्या बिया आणि तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. अडचण बाजाराची नाही, बियाण्याची आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे पाच वर्षं?’ मी म्हटलं, ‘कमीत कमी.’ त्याने फोन ठेवला. दोन दिवसांनी मेसेज आला की दिवाळीत पौडीला चाललाय, फक्त बघायला. राजीनाम्याचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

तुम्हाला कुओपिओला जायचं असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा गाठा. गर्दी कमी, डास कमी आणि रात्रीही परत आलेल्या असतात. शेतात न विचारता शिरू नका. हेम्प बघून फोटोला पळणारे (आणि पानं खिशात घालणारे!) पर्यटक काकांना दरवर्षी भेटतात. पानं ओढून त्यांना डोकेदुखीशिवाय काही मिळत नाही म्हणे. तेलाची बाटली चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून ठेवा आणि घरी आल्यावर फ्रिजमध्ये. तिच्यावर फोडणी देऊ नका, तापवलं की वाया जातं. आणि कुणी कितीही प्लीज म्हटलं तरी पेरायचं बी बॅगेत टाकून आणायचं नाही. त्याला आयात परवाना आणि क्वारंटाइनची तपासणी लागते.