खोली पाहिजे, दोघांना

बारामतीत खोली बघायला निघालं की तीन प्रश्न ठरलेले. पाव्हणं कुठलं? आडनाव काय? फॅमिली हाय का? पहिल्या दोन प्रश्नांत जात बाहेर येते. त्यातून वाचलो तरी तिसऱ्यात मी अडकतो, कारण मला जो बरोबर राहायला पाहिजे तो पुरुष आहे.

मी एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तीन पाळ्या. धागा तुटला की सांधायचा, बाबीण भरली की काढायची. तो इंदापुरात मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात, हा तांब्याची तार भरून देतो. मध्ये पन्नास-एक किलोमीटर आणि एसटी. साच्यावर ज्याच्याबरोबर काम करतो त्यालाही आम्ही जोडीदार म्हणतो. मी ह्याला जोडीदार म्हणतोय ते त्या अर्थानं नाही. ज्यांना पान उलटायचंय त्यांनी उलटावं. पण चळवळीतला माणूस इथंच पान उलटत असेल तर त्याच्याशीच माझं भांडण आहे.

तर कुठं राहायचं.

जळोची, रुई, तांदूळवाडी, कटफळ ह्या बाजूला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. कॉट बेसिस. पाच पोरं, एक मोरी, एक बल्ब. इथं गंमत अशी की दोन पोरं एका खोलीत राहिली तर कुणाच्या डोक्यात काही येत नाही. रूम पार्टनर. बाई आणली तर मालक सामान बाहेर फेकील, पुरुष आणला तर भाडं वाढवील. म्हणजे आमच्यासाठी ही आयती पळवाट. पण मालक डोक्यावर भाडं घेतो. दोघंच दिसले की तिसरा आणून टाकतो, चौथा टाकतो. आतून कडी लावली तर कडी का लावली म्हणून विचारतात. दिवसपाळीचा झोपला की रात्रपाळीचा उठतो. खोली कधी रिकामी नसते आणि कधी आपलीही नसते. तिथं आम्ही एक वर्ष फक्त शेजारी-शेजारी कॉटवर झोपलो, तेही त्याला महिन्यातून दोन वेळा यायला मिळालं तेव्हा.

भिगवण रोडचं सांगायलाच नको. फ्लॅट झाले, लिफ्ट झाली, गेटवर पाटी आली. ओन्ली फॅमिली. एका दलालानं फोनवर हो म्हटलं, आडनाव ऐकलं आणि कालच गेली बघा म्हणाला. दुसऱ्या दिवशी गिरणीतल्या एका मराठा पोरानं त्याच फ्लॅटसाठी फोन केला. अजून रिकामाच होता. ह्याच्यावर कविता पण लिहिता येत नाही इतकं जुनं आहे ते.

मग आपली वस्ती. आमराई. इथं आडनाव कुणाला खुपत नाही. चौदा एप्रिलला रात्रभर मंडपाचे बांबू धरून उभा राहिलेला मी, माझ्या ताटात कुणी हात घातला तर मला आनंदच. पण इथं प्रत्येक दारात एक मावशी आहे.

"काय रं, पगार किती झाला?"

"बरा हाय मावशी."

"मग कधी बार उडवतूस? माझ्या नणंदेची पोरगी हाय फलटणला. नर्सिंग झालंय."

ह्या मावशीवर राग धरता येत नाही. आई आजारी होती तेव्हा हिनंच भाकऱ्या पुरवल्या. पण दोन घरांना भिंत एक, आणि त्या भिंतीला कान आहेत. तो दोनदा मुक्कामाला आला तर तिसऱ्यांदा विचारलं गेलं, ह्यो कोण, तुमच्यात कुणाचा कोण?

वस्तीला असं माणूस माहीतच नाही असं नाही. देवीला सोडलेला जोगत्या माहीत आहे. लुगडं नेसून परडी घेऊन आला तर लोक पाया पडतात, आणि पाठ फिरली की पोरं दगड मारतात. म्हणजे देवाचा शिक्का असला तर चालतं. आम्ही देव सोडला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि देवाशिवाय नुसता माणूस म्हणून असा उभा राहिलो की वस्तीला त्याचं काय करायचं कळत नाही. दिशा पिंकी शेख 2019 साली वंचितच्या प्रवक्त्या झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. व्यासपीठावर आपण पुढं आहोत. शेजारची खोली द्यायची वेळ आली की बघू.

इंदापूर नको म्हणून त्यानंच सांगितलं. गाव लहान. मालोजीराजांच्या गढीपासून चाँदशाहवलीच्या दर्ग्यापर्यंत चालत गेलं तर वाटेत चार जण त्याच्या भावकीतले भेटतात. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून इंदापूरवरून पुढं जाते, त्या दिवसांत मात्र दोन पुरुष एका कांबळ्यात झोपले तरी कुणी विचारत नाही. सगळे माउली. मी वारीला जाणाऱ्यातला नाही, पण बघून ठेवलंय. इतर दिवशी आम्ही उजनीच्या फुगवट्याला भिगवणकडं जायचो. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात आणि पुण्याहून मोठाल्या नळ्यांचे कॅमेरे घेऊन माणसं येतात. सगळ्यांच्या नळ्या पाण्याकडं. काठावर बसलेल्या दोघांकडं कुणी बघत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. तो म्हणाला, "आपण पण असंच, पाणी उतरलं की." मी म्हटलं, गप बस, कविता माझ्यासाठी ठेव.

पुण्याला जा म्हणतात. तिथं समपथिक ट्रस्ट आहे, बिंदुमाधव खिऱ्यांनी 2002 साली काढलेली. 2011 पासून तिथं प्राइडचा मोर्चा निघतो. मी एकदा गेलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुण्याचं भाडं मोटार भरून आणि बाबीण काढून निघत नाही. आणि आडनाव तिथंही विचारतात, जरा गोड आवाजात. 2015 च्या दिल्लीच्या प्राइडमध्ये दलित पोरांनी आपली जात फलकावर लिहून आणली होती, ती उगाच नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला कॅस्ट्रो नावाचा भाग आहे. कामगारांची जुनी वस्ती, ते उठून गेले, घरं स्वस्त मिळाली, असे लोक जमले, आणि 1977 साली तिथून हार्वे मिल्क निवडून आला. पुढच्याच वर्षी त्याला गोळ्या घातल्या. आज तिथं कामगाराला खोली परवडत नाही. तेव्हा अशी वस्ती कुठं आहे हे शोधणाऱ्यानं तिचं भाडंही विचारून घ्यावं.

बाबासाहेबांना खोली मिळाली नव्हती हे आपल्याला पाठ आहे. 1917 साल, बडोदा, परदेशातून शिकून आलेला माणूस, आणि पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. मी ते वाचतो तेव्हा मला काठ्यांपेक्षा आधीचे दहा दिवस दिसतात. खोटं नाव घेऊन जिना चढायचा, कुणी हाक मारली की दचकायचं. ते दहा दिवस मला माहीत आहेत.

दुसरी गोष्ट मात्र आपल्या सभांत कुणी सांगत नाही. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, 1934 साली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली हा गुन्हा. त्यांत समसंभोगाचाही प्रश्न होता. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. हॅवलॉक एलिसचा दाखला देऊन कोर्टात सांगितलं की हा ज्ञानाचा विषय आहे, ह्यात अश्लील काही नाही. केस हरली, कर्व्यांना दंड झाला. पण उभं कोण राहिलं? आणि ज्यांचं नाव आपल्या पँथरनं 1972 साली घेतलं त्या ब्लॅक पँथरच्या ह्यूई न्यूटननं 1970 सालीच आपल्या लोकांना बजावलं होतं की बायकांच्या आणि समलिंगी लोकांच्या लढ्याला मित्र माना. नाव घेतलं, हे घ्यायचं राहिलं.

कायद्याचं थोडक्यात. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं 377 मधून आम्हाला सोडवलं. त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला होतो, जॉबरच्या मोबाइलवर बातमी बघितली. जॉबर म्हणाला, "आता हे पण." मी धागा सांधला. 2022 साली आमच्याच खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात अशा लग्नांना जागा देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्यांच्या मतदारसंघात बारामती पण येते, इंदापूर पण येतं. कायदा झाला नाही. ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानंही लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. आता आम्ही गुन्हेगार नाही आणि नवरा-बायको पण नाही. आणि घरमालक खोली गेली म्हणाला की कुठल्या कलमानं त्याला धरायचं?

शेवटी खोली मिळाली. गावाच्या कडेला, एका विधवा काकूंच्या वरच्या मजल्यावर. त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पाणी दिसाआड येतंय, दोघांनी भरायचं. तिसरा आणून बसवायचा न्हाय. दारू न्हाय." मी म्हटलं, तिसरा येणारच नाही काकू. त्या हसल्या. त्यांना काय कळलं ते त्यांचं त्यांना माहीत, मी विचारणार नाही. साडेतीन हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. दोघांची नावं, खरी. पोलिसांना द्यायच्या कागदावर एजंटनं आमच्या नात्यापुढं भाऊ लिहिलं होतं. म्हटलं, खोडा. मग काय लिहू म्हणाला. जोडीदार लिहा म्हटलं. गिरणीतला का? हो, गिरणीतला शब्द आहे, म्हटलं. लिहिलं त्यानं.

तो इंदापूरचं काम सोडून इथं दुकान बघतोय. संपादकांनी मला टोपणनाव सुचवलंय. ते त्यांच्या जिवाच्या काळजीनं म्हणतायत की माझ्या, ते आम्ही दोघं भांडून ठरवू. अंकाचं पुढचं काम आमच्या खोलीवर करायला हरकत नाही, जागा आहे. फक्त माझी पाळी विचारून या. रात्रपाळी असली की दिवसा मी झोपलेला असतो, दार तो उघडेल.