वांगानुईवर जाताना पिंपात काय भरायचं?

न्यूझीलंडमधल्या वांगानुई नदीवर लोक कनूतून उतरत जातात. तौमारुनुई ते पिपिरिकी हा १४५ किलोमीटरचा प्रवास पाच दिवसांचा. वाकाहोरोहून निघालं तर ८७ किलोमीटर, तीन दिवस. गंमत म्हणजे सगळा प्रवास पाण्यावरून असला तरी सरकारी यादीत तो पायवाटांबरोबर ‘ग्रेट वॉक’ म्हणून गणला जातो.

वाटाड्या सोबत असला तरी आपले कपडे आणि औषधं आपणच भरायची. सुटकेस गावातच राहते. हातात येतं घट्ट झाकणाचं प्लास्टिकचं पिंप. ते दोरीने कनूला बांधतात, म्हणजे कनू उलटली तरी सामान वाहून जात नाही. धारेत कनू उलटणं इथे नवलाचं नाही, म्हणून प्रत्येक वस्तू भरताना विचारायचं: ही भिजली तर चालेल का?

झोपायची पिशवी आणि रात्रीचा एक कोरडा जोड अजिबात चालणार नाही. तो जोड दिवसा काही झालं तरी अंगात घालायचा नाही. उन्हाळ्यातही तिथल्या रात्री गार असतात आणि भिजलेल्या माणसाला हुडहुडी भरली की ती थट्टा राहत नाही. जीन्स घरीच ठेवा; सुती कापड वाळता वाळत नाही. लोकरीचं किंवा सिंथेटिक बरं. चष्म्याला दोरी हवीच.

घरात कुणाला रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्या दोन भागांत, दोन वेगळ्या पिंपांत ठेवा. आणि एका दिवसाच्या जास्तीच्या ठेवा. वरच्या डोंगरात पाऊस झाला की नदी चढते आणि मग मुक्काम हलवता येत नाही. खाण्याचंही तसंच, एका दिवसाचं जादा.

चिवडा, लाडू भारतातून न्यायचे असतील तर विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहून जाहीर करावी लागते. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. वापरलेल्या बुटांना माती लागलेली असेल तर तीही तपासतात. मला विचाराल तर चिवडा ऑकलंडमधल्या भारतीय दुकानातूनच घ्यावा.

चालायचे बूट मात्र पिंपात अगदी वर ठेवा. मांगापुरुआच्या धक्क्यावरून साधारण पाऊण तास जंगलातून चाललं की १९३६ साली बांधलेला काँक्रीटचा पूल लागतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना त्या खोऱ्यात जमिनी दिल्या होत्या. शेती जमली नाही, माणसं निघून गेली, पूल राहिला. त्याला आता ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणतात.

टिएके इथला मुक्काम म्हणजे माओरी लोकांचं मराए, त्यांचं सामाईक घर-अंगण. तिथे पाहुण्यांचं रीतसर स्वागत होतं आणि पाहुण्यांनी कोहा म्हणजे भेट द्यायची पद्धत आहे. त्यासाठी थोडे सुटे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हाताशी ठेवा. ही नदी त्यांची पूर्वज आहे. २०१७ च्या कायद्याने तिला माणसासारखे हक्कही मिळाले आहेत.

कचऱ्यासाठी एक जाड पिशवी लागेल. चहाच्या पुडीच्या कागदासकट सगळं पिपिरिकीपर्यंत आपल्याबरोबरच येतं.