राहता आलेलं नाही

लग्न मोडण्याला मराठीत बरेच शब्द आहेत, आणि बहुतेकांत हाताने करायची काहीतरी गोष्ट आहे. काडीमोडीत काडी मोडायची, सोडचिठ्ठीत चिठ्ठी लिहून द्यायची. फारकत अरबी-फारसीतून आली. मुळात तोही मोकळं केल्याचा कागदच. घटस्फोट हा तर धर्मशास्त्रात पतिताला वाळीत टाकण्याचा विधी होता, त्याच्या नावाने पाण्याचा घडा लवंडत. आता संगणकापुढे बसून रकाने भरायचे असतात. यंदा उन्हाळ्यात मी ते भरले.

आमचं लग्न पुण्यात झालं, संसार बंगळुरूत. नवरा आता सांगलीला, त्याच्या आईजवळ. अर्ज परस्परसंमतीचा, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. १९५५च्या मूळ कायद्यात ते नव्हतं, १९७६च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी बहुधा दुसऱ्याचा काही दोष, निदान काही आजार, सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीच्या याचिकेत दोघेही याचिकाकर्ते असतात, क्रमांक १ आणि क्रमांक २.

ई-फायलिंगच्या पानावर आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय निवडायचं असतं. कलम १९ प्रमाणे लग्न झालं ते ठिकाण चालतं, आणि नवराबायको शेवटचे एकत्र राहिले तेही. आम्ही बंगळुरू निवडलं. मग कागद: विवाहनोंदणीचा दाखला, दोघांचे आधार, पत्त्याचे पुरावे, लग्नातला एक फोटो आणि लग्नपत्रिका. पत्रिका मराठीत, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर. वीस वर्षं मी हेच काम करते, पण वकीलबाई म्हणाल्या, पक्षकाराने स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः प्रमाणित केलेलं बरं दिसत नाही. एका मैत्रिणीने केलं. ते पाहून वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्या नावाआधीची ही चि. सौ. कां. म्हणजे इनिशियल्स का?" त्या कन्नड. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी म्हणजे काय, हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ते गाळू या."

आणखी एक शपथपत्र लागलं. पदवीच्या कागदांवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव; आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं मी नोटरीसमोर शपथेवर सांगितलं. आपल्याकडे लग्नात तीनपैकी दोन नावं बदलतात, त्यामुळे हा कागद अनेकींना लागतो.

खरी अडचण एका छोट्या रकान्याची होती: कोणत्या तारखेपासून वेगळे राहता? कायद्याला अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं. पण वेगळं राहणं म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवींच्या खटल्यात सांगितलं, की प्रश्न जागेचा नाही. एका छपराखाली असूनही दोघं नवराबायकोसारखी राहत नसतील तर ते वेगळं राहणंच. हे वाचून मी माझी तारीख काढली. तो सांगलीला जाण्याच्या दीड वर्ष आधीची. त्याला फोनवर सांगितली.

"तेव्हापासून?" तो म्हणाला. "अगं, त्या दिवाळीला आपण नवीन फ्रीज घेतला."

त्याची तारीख होती तो सांगलीच्या बसमध्ये बसला ती. तोवर त्याच्या लेखी संसार चालू होता. त्याच्या हिशेबातली ती दीड वर्षं माझ्या हिशेबात नव्हती, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

या फरकाला किंमत होती. पहिल्या अर्जानंतर दुसरा किमान सहा महिन्यांनी करायचा असतो. २०१७च्या अमरदीप सिंग खटल्यानंतर ही मुदत न्यायालय माफ करू शकतं, पण त्यासाठीच्या अटींपैकी एक म्हणजे पहिल्या अर्जाच्या वेळी वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं. माझी तारीख धरली तर माफी मागता येत होती. बसची तारीख धरली तर जेमतेम चौदा महिने भरत होते. वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "दोघांनाही शपथेवर सांगता येईल ती तारीख लिहा." तशी तारीख एकच होती. आम्ही बसची लिहिली.

मसुदा इंग्रजीत होता. आईंना, म्हणजे सासूबाईंना, त्यात काय लिहिलंय ते वाचायचं होतं. "तूच करून दे ना मराठी," नवरा म्हणाला. केलं. इंटरनेटवरच्या तयार मसुद्यांतून आलेलं 'स्वभावभेद' सरळ उतरलं. थांबले ते कायद्याच्या एका वाक्याशी. इंग्रजीचा शब्दशः अर्थ 'ते एकत्र राहू शकलेले नाहीत'. मी लिहिलं: 'त्यांना एकत्र राहता आलेलं नाही.' पहिल्या वाक्यात कुणीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात नुसतं आलं नाही. पोहता येत नाही, गाता येत नाही, तसं. वाक्यात कर्ता शोधायला गेलं तर सापडत नाही. मराठीची ही सोय मी कितीतरी कादंबऱ्यांत वापरली असेन, पण ती मला स्वतःला कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

आईंनी वाचून फोन केला.

"यात कुणाचं चुकलं ते कुठंच नाही गं."

"ते लिहायचं नसतं, आई."

"मग इतके कागद कशाला लागतात?"

मी त्यांना यादी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. पत्रिकेची प्रत त्यांच्याच कपाटातून आली होती, हळदीचं बोट तसंच होतं तिच्यावर. "ती परत मिळते का?" त्यांनी विचारलं. मूळ प्रत मिळते, मी म्हटलं, आपण फक्त स्कॅन जोडलंय.

सध्या ते सहा महिने चालू आहेत. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश आम्हाला पुन्हा विचारतील, कारण संमती निकालापर्यंत टिकलेली असावी लागते. मध्येच कुणीही ती मागे घेऊ शकतं. आमच्यापैकी कुणी घेईल असं वाटत नाही. रविवारी आईंचा फोन येतो. सांगलीत पाऊस किती झाला, कृष्णेचं पाणी कुठवर चढलंय, एवढंच आम्ही बोलतो. पत्रिका माझ्या टेबलाच्या खणात आहे, निकाल लागला की पोस्टाने पाठवायची आहे.