मागचे चाक

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने वडिलांच्या पश्चात त्यांची बुलेट भंगारात जाऊ दिली नाही. तिचे रूप मात्र पालटले: उंच हँडल, ठेंगणी सीट आणि मागे 19 इंचांच्या चाकाऐवजी 18 इंचांचे रुंद चाक. (1988च्या मोटार वाहन कायद्यातील 52वे कलम अशा फेरफारांकडे कानाडोळा करीत नाही, हे आम्ही त्याला सुनावले, हँडल तेवढे पूर्ववत करण्याचे त्याने कबूल केले.) गाडी देखणी झाली खरी, पण डावीकडे ओढू लागली. आई म्हणाली, "विकून टाक. घरातला एक माणूस गेला, तेवढे पुरे."

गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंच्या कॅमवरील खाचा मोजून चाक सरळ असल्याचा निर्वाळा दिला होता. गोगलगायीच्या आकाराचे हे कॅम वर्षानुवर्षे झिजतात. आम्हांस त्यांचा भरवसा वाटत नाही.

"मग मोजायचे कशावरून, फादर?"

स्विंगआर्म ज्या बोल्टावर फिरतो, तेथून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे अंतर घेतले. 2 मिलिमीटरांचा फरक निघाला. तो काढून स्प्रॉकेटला सरळ पट्टी लावली. चेन रेषेत आली. नंतर मागच्या टायरला पाठीमागून दोरीचा वेढा देऊन तिची दोन्ही टोके पुढच्या चाकापलीकडे ताणली. पुढचा टायर अरुंद, म्हणून दोन्हीकडे सारखी फट हवी. डावीकडे 17 मिलिमीटर भरली, उजवीकडे 7. म्हणजे मागचे चाक 5 मिलिमीटर डावीकडे होते.

अशा वेळी वॉशर घालून अख्खे चाकच सरकवण्याचा मोह होतो. टायर मध्यावर येतो, परंतु स्प्रॉकेट चेनच्या रेषेबाहेर जाते आणि दाते एका अंगाने झिजू लागतात. जुन्या सुतारांना तुंबा आणि धाव यांतला भेद ठाऊक होता. येथेही तुंबा जागीच ठेवून रिम आणावयाची होती. डाव्या अंगाचे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल, उजव्या अंगाचे तितकेच घट्ट. पुन्हा दोरी, पुन्हा माप. पोराच्या कपाळावर घाम होता, पण हात घाई करीत नव्हते. हे त्याने वडिलांकडून उचलले असावे.

सांजावले तेव्हा दोन्ही फटी 12 मिलिमीटर झाल्या. चेनचा ढिलेपणा तिच्या सर्वांत ताठ जागी तपासून एक्सलची नट आवळली.

आई इतका वेळ ओसरीवर गप्प बसली होती. तिने दोरी गुंडाळून आमच्या हाती दिली. "अगोदर तू एकटाच सोपाऱ्यापर्यंत जाऊन ये," ती मुलाला म्हणाली, "मग बघू."