पद्मिनीचा ताप

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा एक-चतुर्थांशापासून फार तर एक-तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुरावाटे बाहेर पडते आणि उरलेली बहुतेक पाण्याच्या माथी येते. हे पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि पुन्हा आपल्या कामावर हजर होते. घरातल्या एखाद्या कष्टाळू, अबोल बाईसारखे हे काम आहे. ते नीट चालले असता कोणाचे लक्ष जात नाही आणि बिघडले की सारे घर खोळंबते.

आमच्या घरी १९७८ साली पद्मिनी आली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ती. नानांचा नंबर लागला त्याच वर्षी इंदूरला नर्मदेचे पाणीही आले, त्यामुळे घरात त्या सालाची आठवण आजही दुहेरी निघते. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचे हेड, अशी ही मूळ फियाटची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. ते उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेऊन गेली. आमची मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेत राहिली आहे.

अडचण होती ती घाटाची. आमचे आप्त नाशिककडे. जाताना मानपूरहून गुजरीपर्यंतचा उतार सुखाचा, पण परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली की तोच चढ समोर उभा राहतो. अलीकडच्या उन्हाळ्यात गाडीने त्या चढावर दोनदा वाफ सोडली. तापलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकले तर खर्च मोठा, आणि सुटे भाग मिळविणे त्याहून मोठे. घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे म्हणणे, ‘बाबा, आता ही विकून टाकू या.’ आमच्या मातोश्री, वय ८४, काही बोलल्या नाहीत. फक्त एवढेच विचारले, ‘मग मला नाशिकला कशातून नेणार?’ नव्या गाडीतून नेता आले असते, हे त्यांनाही ठाऊक होते. प्रश्नाचा रोख आम्हांला कळला आणि आम्ही पोलोग्राउंडची वाट धरली.

पोलोग्राउंड हे नाव ऐकून घोड्यांच्या टापा आठवाव्यात, पण या औद्योगिक वसाहतीत कानी पडतो तो लेथचा आणि पत्र्यावरच्या हातोडीचा आवाज. याच इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून मनाजोगता साज चढविला होता. आमचे काम त्या मानाने फारच गरिबीचे, परंतु तयार गाडीत आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करण्याची कल्पना या गावाला नवी नाही, हे मनाशी म्हणून आम्ही मिस्त्रींपुढे गाडी उभी केली.

सल्ले आम्ही आधीच भरपूर गोळा केले होते. शेजाऱ्यांचे मत, ‘थर्मोस्टॅट काढून फेका.’ हा सल्ला हिंदुस्थानभर दिला जातो. मिस्त्री हसून म्हणाले, ‘भाऊसाब, दरवान को निकाल दोगे तो घर ठंडा नहीं होगा, खुला पड़ा रहेगा.’ थर्मोस्टॅटमधील मेण ऐंशी अंशांच्या आसपास वितळून फुगते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देते. तो नसेल तर माळव्याच्या पौष-माघातल्या थंडीत इंजिन वेळेवर गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जळते आणि सिलिंडर झिजतात. जुना थर्मोस्टॅट अडकत असेल, तर त्याच्या जागी नवा बसवावा हाच खरा उपाय.

मग रेडिएटरची टाकी सोल्डर सोडवून उघडण्यात आली. आतील कितीतरी नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. वर्षानुवर्षे बोअरिंगचे जड पाणी पोटात गेल्याचा तो परिणाम. सळई घालून नळ्या साफ करता आल्या असत्या, पण इतक्या जुन्या नळ्या सळईने फाटण्याची भीती होती. नवे पाहायचे तर ॲल्युमिनियमचा हलका रेडिएटर करून मिळत होता, आणि चिरंजीवांचा कल तिकडे होता. मिस्त्रींनी दुसरी बाजू सांगितली. तांबे-पितळेचा रेडिएटर रस्त्यात फुटला तर सेंधव्यालाही कोणी डाग देऊन देईल. ॲल्युमिनियमला तसा साधा डाग लागत नाही. शेवटी वरच्या-खालच्या जुन्या पितळी टाक्या तशाच ठेवून मध्ये नळ्यांची एक रांग वाढविलेली नवी जाळी बसवायचे ठरले.

पंख्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. मूळ पंखा पट्ट्यावर फिरतो. चढावर गाडी हळू चालते तेव्हा इंजिनाचे फेरे घटले की पंखाही मंदावतो, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्याची गरज अधिक असते. म्हणून विजेवर चालणारा, मारुती ८०० चा पंखा बसविला. पण आमच्या गाडीत अजून डायनामो. तो मंद फेऱ्यांवर नाममात्र वीज देतो, म्हणजे गर्दीत पंखा फिरायचा तो बॅटरीच्या जिवावर. त्यामुळे अल्टरनेटर आला, त्यामागून नवी वायर आणि रिले आले. घरात एक सून आली की भांड्यांची मांडणीही बदलते, तसेच हे. शिवाय पंख्याभोवती पत्र्याचा घेर केला, जेणेकरून ओढलेली हवा सबंध जाळीतून यावी.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचे झाकण. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून येथे उघडे पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे झाकण हा उत्कलनबिंदू ११-१२ अंशांनी वर नेते. आमच्या झाकणाचे रबर केव्हाच कडक झाले होते. नवे झाकण, नवे रबरी पाइप, आणि नळाच्या पाण्याऐवजी दोन भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग कूलंट, अशी व्यवस्था झाली. कूलंट अधिक घातल्याने गाडी अधिक थंड राहते हा समज खरा नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच श्रेष्ठ. कूलंटचे काम मुख्यतः गंज रोखण्याचे आणि उकळी लांबविण्याचे.

मे महिन्यात मातोश्रींना घेऊन आम्ही नाशिकला जाऊन आलो. नानांच्या वेळचा पाण्याचा पितळी डबा त्यांनी आग्रहाने पायाशी ठेवला होता. घाटात नाना दगडाचा आडोसा करून गाडी थांबवीत, झाकण निवण्याची वाट पाहत, तेव्हाचा तो डबा. परतताना गुजरीचा चढ लागला. नव्याने बसविलेल्या तापमापकाचा काटा ८५ वरून ९५ वर गेला, पंखा सुरू झाल्याचा आवाज आला आणि काटा तिथेच थबकला. मानपूर आले तेव्हा मातोश्री म्हणाल्या, ‘थांबायचं नाही का?’ थांबण्याचे कारण उरले नव्हते, तरी त्यांच्यासाठी थांबलो. चहा झाला. घरी पोचल्यावर डब्यातले पाणी त्यांनी तुळशीला घातले.

खर्चाचा हिशेब चिरंजीवांनी मांडून दाखविला. तो गाडीच्या बाजारभावाच्या फार मागे नव्हता. पण पुढच्या खेपेला गाडी कोण चालविणार, याचा निर्णय त्यांनीच जाहीर केला. ते स्वतः. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल, त्यांनी मोठ्या फेरफाराआधी झाकण, पाइप आणि आतले पाणी एवढे तरी उन्हाळ्यापूर्वी पाहून घ्यावे. आणि गरम गाडीचे झाकण उघडण्याची घाई कोणीही, कधीही करू नये.