त्याला दिला, मग याला का नाही?

शुक्रवार, 31 जानेवारी 2025
आज यंत्रमागांना सुट्टी, त्यामुळे मैदानावर गर्दी ओसंडून वाहत होती. काल्हेरच्या बाजूला चहूकडे गोदामं उभी राहिली. त्यांच्या मधे उरलेल्या एका मोकळ्या जागेवर माती टाकून, पाणी मारून स्पर्धेसाठी कबड्डीची दोन मैदानं आखली होती. मी नेहमीप्रमाणे गुणलेखकाच्या टेबलावर.

दुसऱ्या सामन्यात बोनसवरून रण पेटलं. बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत पाहिजे, असा नियम. पण एका पंचांना तो पाय चांगला उचललेला दिसावा लागतो, दुसऱ्यांना टाच सुटली की पुरे. पूर्वार्धात टाचेवर गुण मिळाला, तेव्हा कोणी ब्र काढला नाही. उत्तरार्धात समोरच्या संघाच्या पोराने तस्साच पाय टाकला, तर पंचांचा हात वर गेलाच नाही. लगेच दोरीपलीकडून आवाज आला, ‘‘तवा दिला, मंग आता का नाय?’’

प्रश्न बिनतोड होता. सामना एका गुणाने गेला. माझ्या कागदावर मात्र सगळं चोख जुळलेलं. शिट्टी आणि हात सांगतील ते मी लिहायचं. टाच किती सुटली, याला त्यात रकाना नसतो.

शनिवार, 1 फेब्रुवारी
रात्री पुतण्या मोबाईलवर आयर्लंड-इंग्लंड रग्बी बघत होता. मला त्यातलं फार कळत नाही, पण मी पंचांकडेच बघत बसलो. त्यांच्या अंगावर माईक असतो. निर्णय दिला की कारणही सांगतात आणि ते घरी बसलेल्यालाही ऐकू येतं. एवढाले आडदांड गडी त्यांना ‘सर’ म्हणतात. विचारायचं असेल तर कर्णधाराने विचारायचं. फार हुज्जत घातली की पेनल्टी दहा मीटर आणखी पुढे जाते.

‘‘म्हणजे तिकडे भांडणं नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘काका, तिकडे तर रोजचं रडगाणं आहे,’’ असं म्हणून त्याने 2023च्या विश्वचषकाची अंतिम लढत काढून दाखवली. पॅरिस, 28 ऑक्टोबर, दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. दोन्ही कर्णधारांकडून प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला मार बसला. दोघांनाही आधी पिवळं कार्ड. मग आत बसलेल्या पंचाने चित्रफीत तपासली. न्यूझीलंडच्या सॅम केनचं कार्ड लाल झालं, आफ्रिकेच्या सिया कोलिसीचं पिवळंच राहिलं. न्यूझीलंड 12-11 असं हरलं. दोन धडकांमधला फरक सांगण्यासारखा होता, तो सांगितलाही गेला. तरी वाद मिटला नाही. मैदानावरचे पंच वेन बार्न्स पुढच्या काही दिवसांत निवृत्त झाले.

थोडक्यात, कॅमेरे लावले म्हणून वाद संपत नाहीत. पण कशावरून भांडायचं, ते तरी नेमकं कळतं.

सोमवार, 3 फेब्रुवारी
कालपासून चहाच्या टपरीवर अहिल्यानगरचाच विषय. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. त्याने पंचांना लाथ मारली. पुढे महेंद्र गायकवाडही अंतिम कुस्ती अर्धवट टाकून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन मी करणार नाही. उद्या ती आमच्या पंचांच्याही छातीवर येऊ शकते, आणि इथे तर पोलीसही नसतात. पण टपरीवरचा मुद्दा मला सोडवत नाही: फेरतपासणी कधी मिळणार, कोणी मागायची, किती वेळात, हे कुस्ती सुरू होण्याआधी दोन्ही कोपऱ्यांना पाठ असायला हवं. पैलवानाला वर्षाची मेहनत एका क्षणात जाताना दिसते; त्या क्षणी त्याला नियमावली वाचून दाखवून काय उपयोग?

बुधवार, 5 फेब्रुवारी
रात्री पंचमंडळी जेवायला एकत्र. विषय हांगझोऊचा निघाला. 7 ऑक्टोबर 2023, आशियाई स्पर्धेतली कबड्डीची अंतिम लढत, भारत-इराण 28-28. चढाईवर असलेला भारताचा पवन सेहरावत स्पर्शाविना मैदानाच्या कडेच्या राखीव क्षेत्रात गेला, मागोमाग इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने जे जे आत गेले ते सगळे बाद. प्रो कबड्डीतल्या नव्या नियमाने बाद फक्त चढाईपटू. नियम कोणता धरायचा, यावरच पंचांचं एकमत होईना. निर्णय फिरले, खेळाडू मॅटवर बसून राहिले, खेळ तासभर थांबला. शेवटी भारत 33-29 जिंकला.

आपण जिंकलो म्हणून इकडे फटाके फुटले. पण ज्या खेळाची नियमावली आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी छापली गेली, त्याच्या सर्वांत मोठ्या सामन्यात नियम कुठला हेच ठरलेलं नसावं, ही शोभा नाही. पोरं रात्री टीव्हीवर एक नियम बघतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मातीवर दुसऱ्या नियमाने बाद होतात. त्यांनी कोणता खेळ शिकायचा?

शनिवार, 8 फेब्रुवारी
उपांत्य सामने. आजच्या सरपंचांनी, म्हणजे मुख्य पंचांनी, नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधार आणि दोन्ही पंच एकत्र बोलावले. मागचा पाय पूर्ण सुटल्याशिवाय बोनस नाही. राखीव क्षेत्र झटापटीनंतरच खुलं. विचारायला फक्त कर्णधार येईल. हेच पुन्हा लाउडस्पीकरवरून सांगितलं. पाचेक मिनिटं गेली असतील.

पहिल्या सामन्यात यजमान गावाचाच बोनस नाकारला गेला. दोरीपलीकडे गलका झाला, कर्णधार आला, सरपंचांनी पाय टाकून दाखवला, तो मान हलवून परत गेला. निर्णय कडक होता. पण उत्तरार्धात समोरच्यांचाही बोनस त्याच मापाने गेला, आणि मैदान गप्प बसलं. कडक पंच लोक खपवून घेतात, सरड्यासारखा रंग बदलणारा नाही.

रविवार, 9 फेब्रुवारी
स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची बैठक. पुढच्या वर्षी स्पर्धेआधी पंचांचा एक दिवसाचा वर्ग घ्यावा, चित्रफिती लावून एकेका प्रसंगावर सगळ्यांचं माप एक करून घ्यावं, असं मी सुचवलं. खर्चाचा प्रश्न आला. पहिल्या क्रमांकाचा चषक माणसाएवढा आहे, तो फूटभर कमी करू, असं मी म्हटलं.

‘‘चषक दात्यांचा आहे, त्याला हात लावता येत नाही,’’ असं उत्तर मिळालं. डीजेचं विचारलं, तर तोही दात्यांचाच निघाला. शेवटी वर्गासाठी शाळेची एक खोली फुकट मिळवायची आणि चहा मंडळाने द्यायचा, असं ठरलं. इतिवृत्तात मी ते तारखेसकट लिहून घेतलं आहे.